विषाला ‘औषध’ म्हणणं आता थांबवूया

आपल्याकडे शेतात कीटकनाशक फवारायचं असेल तर कोणी ‘कीटकनाशक फवारायचंय’ असं म्हणत नाही. ‘उद्या कपाशीला औषध मारायचंय’ असं म्हणतात. दुकानात जाऊन ‘तुडतुड्यांवरचं औषध द्या’ म्हणून मागतात. आणि त्याच बाटलीतलं कोणी प्यायलं की वर्तमानपत्रात बातमी येते, ‘विषारी औषध प्राशन करून आत्महत्या’. विष आणि औषध हे दोन शब्द शेजारी शेजारी बसवताना आपल्याला काही खटकतही नाही, इतकी ही सवय जुनी आहे.

डॉक्टर म्हणून मला मात्र हा शब्द खटकतो. औषध म्हटलं की मनातली भीती निम्मी होते. औषध हाताला लागलं तर काय बिघडतं? औषधाचा वास आला तर काय होतं? दोन औषधं एकत्र केली तर गुण लवकर येईल! पेशंटशी बोलताना ही सगळी वाक्यं ऐकू येतात. शब्द बदलल्याने विषबाधा थांबणार नाही हे मला कळतं. पण ज्या वस्तूचं कामच सजीवाला मारणं आहे, तिच्याकडे आपण कसं पाहतो हे त्या शब्दावरून समजतं. म्हणून आज कीटकनाशकांबद्दल थोडं सविस्तर लिहितो आहे. काही माहिती आणि काही माझी ठाम मतं, अशी सरमिसळ आहे.

यवतमाळने काय दाखवलं?

२०१७ च्या पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक दवाखान्यात येऊ लागले. उलट्या, चक्कर, अंधारी, डोळ्यांची आग, धूसर दिसणं, श्वासाला त्रास. काही जण बेशुद्ध होते, काही जण भ्रमात होते. शेकडो लोकांना दाखल करावं लागलं आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक माणसं दगावली. यातली बहुतेक माणसं विष प्यायली नव्हती. ती फक्त कामाला गेली होती.

त्या वर्षी अनेक गोष्टी एकत्र आल्या. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा खाली न जाता माणसाच्या तोंडावर, छातीवर, डोळ्यांत येत होता. बोंडअळी आणि रसशोषक किडींचा जोर होता, म्हणून फवारण्यांची संख्या वाढली. दोन-दोन, तीन-तीन कीटकनाशकं एकाच पंपात मिसळली जात होती. जोरात फवारा मारणारे बॅटरीवरचे पंप आले होते. वर दमट उकाडा होता. आणि जिथे पेशंट पहिल्यांदा जातो तिथे ना तपासणीची सोय होती ना पुरेशी प्रतिविषं.

पुढे चौकशी झाली, पश्चिम विदर्भात काही कीटकनाशकांवर ६० दिवसांची तात्पुरती बंदी आली आणि नुकसानभरपाई जाहीर झाली. पण त्या काळातल्या चर्चेचा एक सूर आठवून पाहा. ‘शेतकऱ्यांनी हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारलं.’ म्हणजे दोष मेलेल्या माणसाचा. या निदानाकडे मी पुढे येणार आहे. त्याआधी हे विष शरीरात नेमकं काय करतं ते पाहू.

शरीरात काय होतं?

कीटकनाशकांचे अनेक गट आहेत आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं आहे. आपल्याकडे तीव्र विषबाधेत सर्वांत जास्त आढळणारा गट म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट ही त्यातली ओळखीची नावं. या गटाचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्रेडर हा रसायनशास्त्रज्ञ नवीन कीटकनाशकं शोधत असताना त्याच्या हाती टाबून लागलं. हा युद्धात वापरायचा, मज्जासंस्थेवर हल्ला करणारा विषारी वायू. शेतातलं ऑर्गॅनोफॉस्फेट आणि युद्धातला तो वायू एकाच घराण्यातले आहेत. फरक तीव्रतेचा आहे, पद्धत तीच.

आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. निरोप पोहोचला की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते रसायन तोडून टाकतं. दारावरची बेल वाजली आणि थांबली, असं. ऑर्गॅनोफॉस्फेट या एन्झाइमलाच बांधून टाकतं. मग बेल वाजतच राहते. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी येतं, पोटात कळा येतात, उलट्या-जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते. छातीत इतका स्राव साठतो की माणूस कोरड्या जमिनीवर बुडाल्यासारखा गुदमरतो. स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात. श्वासाचे स्नायू लुळे पडले की व्हेंटिलेटरशिवाय माणूस वाचत नाही.

पेशंट सुधारला असं वाटल्यावरही धोका संपत नाही. साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान अचानक मान उचलता न येणं आणि श्वास कमजोर होणं हा प्रकार दिसू शकतो. म्हणून ‘आता बरा आहे, घरी नेतो’ हा नातेवाइकांचा हट्ट जिवावर बेततो. काही कीटकनाशकांत दोन-तीन आठवड्यांनी पायांच्या नसा कमजोर होतात.

उपचार आहे. अ‍ॅट्रोपीन हे इंजेक्शन स्राव थांबवतं, नाडी सुधारतं. प्रालिडॉक्सिम हे दुसरं इंजेक्शन एन्झाइमला विषाच्या पकडीतून सोडवण्यासाठी देतात आणि ते द्यायचं तर लवकर द्यावं लागतं, कारण ठरावीक काळानंतर ती पकड कायमची होते. पण एक लक्षात घ्या. ही प्रतिविषं ऑर्गॅनोफॉस्फेट गटासाठी आहेत. पॅराक्वाट या तणनाशकाला प्रतिविष नाही, ते फुप्फुसं कायमची निकामी करतं. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला प्रतिविष नाही. डायफेंथियुरॉनला नाही. म्हणून पंपात कोणती बाटली ओतली होती हे डॉक्टरला कळणं हा अर्धा उपचार असतो. दोन-तीन मिसळली असतील तर तिन्ही कळायला हवीत.

विष तोंडातूनच जातं असं नाही

सर्वांत मोठा गैरसमज हा आहे. ‘मी तर तोंडाला फडकं बांधलं होतं’, असं पेशंट सांगतो. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात विष शिरण्याचा मुख्य रस्ता तोंड-नाक नसून त्वचा आहे. ही रसायनं तेलात सहज विरघळतात आणि कातडीतून आरपार जातात. काख, जांघ, मान, पापण्या, डोक्याची त्वचा इथून जास्त वेगाने. घामाने भिजलेली, खरचटलेली त्वचा असेल तर आणखी वेगाने. पाठीवरचा पंप गळत असेल तर कमरेपासून खालचा भाग दिवसभर विषात भिजतो. आणि तोंडाला बांधलेलं ते फडकं ओलं झालं की संरक्षण राहत नाही. तो विषाचा बोळाच तोंडावर बांधलेला असतो.

सगळ्यांत धोक्याचा क्षण फवारणीचा नाही, मिसळण्याचा आहे. हिशेब करून पाहा. मोनोक्रोटोफॉसचं द्रावण ३६ टक्के असतं. समजा १५ लिटरच्या पंपात २० मिलिलिटर ओतलं, तर ते ७५० पट पातळ झालं. म्हणजे बाटलीतलं एक मिलिलिटर उघड्या हातावर सांडणं हे पंपातलं पाऊण लिटर पाणी अंगावर ओतून घेण्यासारखं आहे. आणि हे मिसळण्याचं काम कितीतरी ठिकाणी काडीने, कधी हाताने होतं. बादलीने पाणी आणून देणारी बाई, डबा घेऊन आलेली पोरं शेजारीच असतात. संध्याकाळी ते कपडे धुणारी बाईच असते. दुसऱ्या दिवशी त्याच शेतात निंदायला जाणाऱ्याही बायाच. विषबाधेच्या नोंदींत यांचं नाव क्वचितच येतं, कारण यांना फवारणी करणारे म्हणून कोणी मोजतच नाही.

‘निष्काळजीपणा’ हे चुकीचं निदान आहे

आता माझं मत. फवारणीतल्या विषबाधेला शेतकऱ्याचा निष्काळजीपणा म्हणणं हे चुकीचं निदान आहे, आणि निदान चुकलं की उपचारही चुकतात. निष्काळजीपणा हे कारण मानलं की उपाय ठरतो जनजागृती. पोस्टर लावा, मेळावा घ्या, मास्क वाटा, फोटो काढा.

विदर्भातल्या सप्टेंबरमध्ये, ऊन-पावसाच्या दमट उकाड्यात, १५-२० किलोचा पंप पाठीवर घेऊन चिखलातून चालताना प्लॅस्टिकचा अंगभर पोशाख, गॉगल, मास्क, गमबूट आणि जाड हातमोजे घालून सहा तास काम करून पाहा. माणूस विषाने नाही तर उष्माघाताने पडेल. जी संरक्षक साधनं त्या हवेत वापरताच येत नाहीत, ती वापरली नाहीत म्हणून माणसाला दोषी धरणं हा न्याय नाही. शिवाय फवारणारा अनेकदा मालक नसतो. तो रोजंदारीवरचा मजूर असतो, किंवा सालगडी. कोणतं विष आणायचं, किती मिसळायचं, कधी फवारायचं हे तो ठरवत नाही. शेतकरी तरी कुठे ठरवतो? कृषी सहायकाकडे इतकी गावं असतात की सल्ला शेवटी दुकानदारच देतो. ज्याची विक्री वाढली की कमाई वाढते त्याच्याच हाती प्रिस्क्रिप्शन. मेडिकलच्या दुकानदाराने अँटिबायोटिक लिहून दिलं तर आपण आरडाओरडा करतो. इथे ते रोज घडतं.

बाटलीवर त्रिकोणाचं चिन्ह असतं. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे कमी विषारी. ही चांगली योजना आहे, कारण ती अक्षर न वाचताही कळू शकते. पण हिरव्या रंगाचा अर्थ आपल्याकडे ‘चालेल’ असा होतो. मग ‘हिरवा आहे, हातानेच ढवळ’ असं होतं. सोबतच्या घडीच्या कागदावर बारा भाषांत माहिती असते, अक्षर मुंगीएवढं. चाळिशी उलटलेल्या माणसाने ती चष्म्याशिवाय वाचून दाखवावी.

कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचं शास्त्र सांगतं की धोका कमी करण्याचा एक क्रम असतो. आधी घातक वस्तूच काढून टाका. ते जमत नसेल तर कमी घातक वस्तू वापरा. मग यंत्र आणि पद्धत सुधारा. मग कामाचे तास आणि नियम. आणि सगळ्यांत शेवटी, दुसरं काहीच उरलं नाही तर, मास्क आणि हातमोजे. आपण या क्रमाच्या शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

बंदीने खरंच फरक पडतो का?

पडतो. याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. श्रीलंकेत आत्महत्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असणाऱ्या देशांइतकं होतं आणि त्यात कीटकनाशकांचा वाटा मोठा होता. त्यांनी सर्वांत तीव्र कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, १९९८ मध्ये एंडोसल्फान. १९९५ नंतरच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पिकांचं उत्पन्न मात्र त्यामुळे घटलं नाही. कारण सोपं आहे. विष पिण्याचा निर्णय पुष्कळदा काही मिनिटांच्या उद्वेगात होतो. घरात असलेली बाटली कमी घातक असेल तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा तो मार्ग धरत नाहीत.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. त्याच श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतं आणि कीटकनाशकं या सगळ्यांच्याच आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. शेती कोलमडली आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणजे एकाच देशाने दोन्ही धडे दिले. सर्वांत घातक विषं वेचून, पर्याय हाताशी ठेवून, क्रमाक्रमाने काढणं हे उपचार आहेत. सगळं एकदम बंद करणं ही शिक्षा आहे, तीही शेतकऱ्याला. माझी मागणी पहिल्या प्रकारची आहे.

आपल्याकडे काय झालं? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ मध्येच बंदी आली, पण कापसावर चालू राहिलं. बाटली तर तीच, दुकानही तेच. भाजीवर नको आणि कपाशीवर चालेल हे बाटलीला कसं कळणार? २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतलं माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळलं गेलं होतं. २०१७ मध्ये यवतमाळ झालं. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर केंद्र सरकारचा बंदीचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये, आणि तोही असलेला साठा मुदत संपेपर्यंत विकायची सवलत देऊन. राज्य सरकारला तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार एखाद्या कीटकनाशकाची विक्री फक्त तात्पुरती थांबवता येते. आधी ६० दिवस, मग फार तर आणखी ३०. पुढच्या हंगामाला तेच विष पुन्हा दुकानात येऊ शकतं.

शहरातली भीती आणि शेतातलं विष

शहरातले पेशंट मला कीटकनाशकांबद्दल एकच प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, भाजी कशाने धुवायची?’ प्रश्न रास्त आहे, पण प्रमाण समजून घेऊ. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याच्यासाठी मर्यादा आहे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. पाव किलो भाजीत ते होतं ०.००२५ मिलिग्रॅम. मोनोक्रोटोफॉसच्या बाटलीतल्या एका मिलिलिटरमध्ये ३६० मिलिग्रॅम विष असतं. सांडलेलं सगळं काही त्वचेतून आत जात नाही, हे खरं. तरी भाजीत मर्यादेच्या शंभरपट अंश निघाला असं धरलं तरीही फवारणाऱ्याच्या हातावरचं एक मिलिलिटर त्याच्या हजारपटींहून जास्त भरतं.

याचा अर्थ भाजीतल्या अंशाकडे दुर्लक्ष करा असा नाही. ते रोज, वर्षानुवर्षं पोटात जातं आणि लहान मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या बाबतीत जास्त काळजी हवी. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं, वरची पानं काढणं, जिथे शक्य तिथे साल काढणं, शिजवणं याने पृष्ठभागावरचा अंश बऱ्यापैकी कमी होतो. झाडाच्या आत भिनलेली आंतरप्रवाही कीटकनाशकं मात्र धुऊन जात नाहीत. ती थांबवायची जागा शेतातच आहे. फवारणीनंतर ठरावीक दिवस तोडणी न करणं हा नियम पाळला गेला तर ग्राहकही वाचतो. म्हणून मला वाटतं, ताटातली काळजी आणि शेतातली काळजी या वेगळ्या नाहीत. फवारणारा सुरक्षित झाला की खाणारा आपोआप बराचसा सुरक्षित होतो. उलट मात्र घडत नाही. आपण महागडी सेंद्रिय भाजी आणली म्हणून यवतमाळच्या मजुराची पाठ कोरडी होत नाही.

हळूहळू होणारं नुकसान

तीव्र विषबाधा दिसते तरी. थोडं थोडं विष वर्षानुवर्षं गेल्याने होणारं नुकसान सिद्ध करणं अवघड असतं, आणि कंपन्यांचे वकील नेमके तिथेच बोट ठेवतात. तरी काही गोष्टी पुरेशा स्पष्ट आहेत. पॅराक्वाटचा आणि काही कीटकनाशकांचा पार्किन्सनच्या आजाराशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना माणसात ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. ग्लायफोसेटबद्दल इतर नियामक संस्थांचं मत वेगळं आहे, वाद चालू आहे. पण वाद चालू असताना सावधगिरीचा फायदा कोणाला द्यायचा, रसायनाला की माणसाला, हा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि नीतीचा जास्त आहे.

केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं जात असे. १९७० च्या दशकापासून २००० सालापर्यंत. तिथल्या गावांत जन्मजात व्यंगं आणि मज्जासंस्थेचे आजार दिसत असल्याची तक्रार लोक करत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली. पहिल्या तक्रारीपासून बंदीपर्यंत एक पिढी गेली.

आणि शेताचं काय? डॉक्टरांना अँटिबायोटिकचा अतिवापर आणि त्यातून तयार होणारे दाद न देणारे जंतू ठाऊक आहेत. शेतात हुबेहूब तेच होतं. फवाऱ्यातून वाचलेली कीड त्या विषाला जुमानेनाशी होते, मग डोस वाढतो, मग दोन मिसळतात, मग तीन. दरम्यान ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे किडी खाणारे मित्रकीटक आधी मरतात. त्यांची वाढ सावकाश होते, किडीची झपाट्याने. म्हणून फवारणीनंतर पांढरी माशी कमी होण्याऐवजी उसळते. मधमाश्यांवर परिणाम होतो म्हणून युरोपीय महासंघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे इमिडाक्लोप्रिड सर्रास वापरलं जातं. परागीभवन घटलं की काकडी, भोपळा, डाळिंब, सूर्यफूल यांचं उत्पन्न घटतं. मग शेतकरी त्यावरही कोणतं तरी ‘औषध’ शोधतो.

कीटकनाशकांनी काहीच चांगलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. डीडीटीने मलेरियापासून लाखो जीव वाचवले. टोळधाड आली तर प्रवचनाने ती परतत नाही. पण गरज पडल्यावर, मोजून, कीड नुकसानीच्या पातळीवर गेल्यावर वापरणं वेगळं आणि दर पंधरवड्याला सवयीने मारणं वेगळं. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावून पतंग मोजायचे, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करायचा, सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरायचा, फरदड घ्यायची नाही, हे कृषी विद्यापीठं सांगत आलीच आहेत. हे शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणारा माणूस दुकानदारापेक्षा कमी वेळा भेटतो, इतकंच.

विषबाधा झाली तर

हे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवा, शक्य तर गावातल्या ग्रुपवर पाठवा.

- फवारणी करताना डोकेदुखी, मळमळ, लाळ, घाम, धूसर दिसणं, अंग फडफडणं यापैकी काहीही झालं तर काम लगेच थांबवा. ‘एवढा पंप संपवतो’ म्हणू नका.
- माणसाला शेतातून बाहेर, मोकळ्या हवेत आणा. सगळे कपडे काढा. साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, केस, कानांमागे, नखं, काखा, जांघा विसरू नका. डोळ्यांत गेलं असेल तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा.
- धुणाऱ्याने स्वतः हातमोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांवर चढवा.
- विष पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप, ताक काहीही पाजू नका. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.
- १०८ ला फोन करा. पेशंटला एकट्याने गाडी चालवत जाऊ देऊ नका.
- बाटली, डबा किंवा निदान लेबलचा फोटो सोबत न्या. मिसळलेल्या सगळ्या बाटल्यांचा.
- बरं वाटल्यावरही लगेच फवारणीला जाऊ नका. रक्तपेशींमधलं कोलिनेस्टरेज दिवसाला साधारण एक टक्का एवढ्या संथ गतीने भरून येतं. निम्मं गेलेलं परत यायला दोन-तीन महिने लागू शकतात. त्या काळातला लहानसा संपर्कही भारी पडतो.

रिकामी बाटली तीनदा धुऊन, भोक पाडून टाका. कीटकनाशक कधीही कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका. ते घरात ठेवायचंच असेल तर कुलपात ठेवा.

मग करायचं काय?

आरोग्य व्यवस्थेकडून माझ्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. कापूस, सोयाबीन, द्राक्ष, भाजीपाला पिकणाऱ्या प्रत्येक तालुक्यात जून ते नोव्हेंबर या काळात कोलिनेस्टरेज तपासणीची सोय हवी. ग्रामीण रुग्णालयात अ‍ॅट्रोपीनचा भरपूर साठा हवा. भरपूर म्हणजे किती? गंभीर पेशंटला २ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जावं लागतं. २, ४, ८ असे तीन डोस झाले तरी १४ मिलिग्रॅम होतात. ०.६ मिलिग्रॅमच्या अ‍ॅम्प्यूल असतील तर एकाच पेशंटला पहिल्या पाव तासात २० हून जास्त लागतात. कपाटात दहा असून भागत नाही. गावातल्या डॉक्टर मित्रांना एवढीच विनंती की पावसाळ्यात उलटी, चक्कर घेऊन आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला आणि मजुराला ‘आज-काल फवारणी केली का?’ हा प्रश्न विचारा आणि टॉर्चने बाहुल्या पाहा. सलाईन लावण्याआधी.

दुसरं, नोंद. फवारणीतली प्रत्येक विषबाधा कळवणं बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला कायद्याच्या २६ व्या कलमाने आधीच दिला आहे. डेंग्यूचा पेशंट कळवायचा असतो, मग विषबाधेचा का नको? कोणत्या गावात, कोणत्या बाटलीने, किती जणांना त्रास झाला हे कळलं तर पुढचं यवतमाळ होण्याआधी थांबवता येईल.

तिसरं, लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची कीटकनाशकं टप्प्याने बंद करणं, आणि तोवर त्यांची विक्री कृषी अधिकाऱ्याच्या लेखी शिफारशीशिवाय न होऊ देणं. झोपेच्या गोळीला चिठ्ठी लागते. माणूस मारू शकणारी बाटली मात्र पैसे टाकले की मिळते, हे मला डॉक्टर म्हणून कधीच पटलेलं नाही.

आणि चौथं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे, फुकट आहे. त्या बाटलीला औषध म्हणू नका. दुकानात, शेतात, बातमीत, घरात. विषच म्हणा. ‘उद्या कपाशीला विष मारायचंय’ असं वाक्य तोंडातून निघालं की माणूस क्षणभर तरी थांबतो. पाण्याचा हंडा घेऊन उभ्या असलेल्या पोराला मग तो आपोआप सांगेल, ‘तू लांब उभा राहा.’